उशिराची जन्मनोंद

पद्मिनीबाई मेश्राम अमेरिकेत यायच्या त्या सहा महिन्यांच्या बोलीवर. टुरिस्ट व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला राहू देतात ते साधारण सहाच महिने, तेही विमानतळावरच्या साहेबाची मर्जी असली तर. पाच वर्षांत ही त्यांची चौथी खेप. या वेळी शिकागोला काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, की तुम्ही इथे भेटायला येता की राहायला? "ओन्ली व्हिजिट," एवढंच बोलून बाई गप्प बसल्या. आरोग्यसेविका म्हणून चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला साहेबापुढे कमी बोलावं हे शिकवावं लागत नाही.

पण असं किती दिवस चालणार? नागपुरात आता त्या एकट्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. शेवटी दूधवाल्याला संशय आला म्हणून दार उघडलं गेलं. तेव्हापासून भानुदासनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, ध्यासच घेतला की आईला कायमचं आपल्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आणायचं. तो अमेरिकेचा नागरिक झाला होता. नागरिकाच्या आईबापांना ग्रीन कार्डासाठी वर्षाच्या कोट्याची रांग नसते. तो जाच भावाबहिणींच्या वाट्याला. फी भरायची, कागद जोडायचे आणि वाट पाहायची. आईचं काम सगळ्यात सोपं, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी, दारात गुडघाभर बर्फ असताना, त्या सोप्या कामाचं पत्र आलं. उपासनानं, म्हणजे सुनेनं, ते ओट्याशी उभं राहून वाचून दाखवलं. सरकारचं म्हणणं असं, की मुलाचा जन्म १९७९चा, पण जन्माचा दाखला काढलाय २००१ मध्ये. एवढ्या उशिराच्या दाखल्यावर भागणार नाही. जन्माच्या सुमाराचा काही पुरावा द्या, नाहीतर आईची आणि मुलाची डीएनए टेस्ट करून पाठवा.

"यात टेन्शन घेण्यासारखं काही नाही, आई," उपासना म्हणाली. "गालाच्या आतून कापूस फिरवतात, पाच मिनिटांचं काम. मी मंगळवारची अपॉइंटमेंट बुक करते."

पद्मिनीबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मला नाही करायची असली तपासणी," त्या म्हणाल्या. "आणि ते कार्डही नको. मार्चचं तिकीट आहे, मी आपली जाते."

उपासना बघतच राहिली. गावोगावच्या हजारो पोरांना सुया टोचलेली बाई, आणि बोटभर कापसाला भ्यायली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बूट चढवून तो बर्फ काढायला बाहेर गेला.

बाई कापसाला भ्यायल्या नव्हत्या. कापूस काय सांगेल, ते त्यांना ठाऊक होतं.

भानुदास त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सुमित्राचा. तो आठ महिन्यांचा असताना ती काविळीनं गेली. वर्षभरानं दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी विचार केला, की पोराला कोणी परकी आई येण्यापेक्षा मावशीच बरी. उमरेडच्या विहारात भंतेजींसमोर सुमित्राच्याच नवऱ्याशी त्यांचं लग्न लागलं. नवरी वीस वर्षांची आणि पोर तिच्या मांडीवर. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याचं त्यांना फारसं वाटलंही नाही. भानुदाससमोर कोणी काही बोलायचं नाही एवढं ठरलं आणि सगळ्यांनी ते पाळलं. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी सुमित्राचा फोटो होता, तिला 'मोठी मावशी' म्हणायचं. म्हणजे पोरगं मावशीला आई म्हणत होतं आणि आईला मावशी, आणि सगळं छान चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग भानुदासचं परदेशी जायचं निघालं, आणि पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा झाला. सुमित्राचं बाळंतपण घरीच झालेलं, नोंद कोणी केलीच नव्हती. आता उशिराची नोंद करायची म्हणजे उमरेडच्या तहसीलपासून खेटे. नवऱ्यानं हात वर केले, तेव्हा पद्मिनीबाईच गेल्या. हे त्यांचं रोजचंच काम होतं. बारशाला बाळाचं नाव ठेवायच्या आत त्या नोंद करून मोकळ्या व्हायच्या. पण त्या दिवशी 'आईचे नाव' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. जेमतेम एक श्वास. मग त्यांनी 'पद्मिनी' लिहिलं. दुसऱ्यांच्या शेकडो नोंदी बिनचूक करणाऱ्या बाईनं एकच नोंद खोटी केली, तीही स्वतःच्या घरची. बहिणीचं पोर त्यांनी हक्कानं वाढवलं होतं, पण तिचं नाव पुसलं ते चोरून, आणि याचं त्यांना इतकी वर्षं वाईट वाटत होतं.

आता तो कापूस तोंडात फिरला, की भानुदासला कळणार. सेहेचाळीसाव्या वर्षी, एका लॅबच्या कागदावरून. त्यापेक्षा न्हाणीघरात पडलेलं बरं.

चार दिवस त्यांनी नाना सबबी सांगितल्या. थंडी सोसत नाही, विहाराच्या बायका वाट बघतात, घराला वाळवी लागेल. मंगळवारची अपॉइंटमेंट उपासनानं कॅन्सल केली आणि ती घुश्शातच राहिली. आठ वर्षांच्या रुहीनं सरळ विचारलं, "आजी, डोन्ट यू लाइक अस?" बाईंनी तिच्या वेणीला उगाच पुन्हा रबर लावलं.

बुधवारी संध्याकाळी भानुदास ऑफिसातून आला तो कागदांची फाइल घेऊनच. "आई, जरा बस," तो म्हणाला. "वकीलबाईंशी बोललो मी. पहिला अर्ज मागे घ्यायचा आणि खरं काय ते लिहून नवा भरायचा. मुलगा अठरा वर्षांचा व्हायच्या आत लग्न झालेलं असलं, तर इथे सावत्र आईलाही आईच धरतात. पहिली फी गेली, ती परत मिळत नाही. वाट मात्र पहिल्यापासून बघावी लागेल."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द बाईंना ऐकू आला: सावत्र.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सहावीत होतो मी. बाबा रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायचे ना? वंदना संपली तरी मोठ्या मावशीच्या फोटोसमोरून हलायचे नाहीत. मेव्हणीसाठी कोणी एवढं उभं राहतं का?"

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस?"

"तू नाही बोललीस, म्हणून मीपण नाही. पहिल्या अर्जातसुद्धा तुझंच नाव टाकलं. म्हटलं, निभावून जाईल यार."

दोघंही इतकी वर्षं एकमेकांना जपत बसले होते, आणि त्या जपण्यापायी अर्ज बुडाला होता.

"जन्माचा दाखला दुरुस्त करावा लागेल," भानुदास सांगत होता. "तिच्या मृत्यूचा दाखला, तुमच्या लग्नाचा पुरावा. आणि सगळीकडे सावत्र असं लिहावं लागेल. तुला नको असेल तर राहू दे. जमेल तोवर व्हिजिटरवर येत जा."

पद्मिनीबाईंनी चष्मा लावला.

"दुरुस्ती अशी फोनवर होत नसते," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये गेले की मी स्वतः जाईन उमरेडला. चूक माझ्या हातची आहे. तो फॉर्म दाखव. आईचं नाव कुठे लिहायचं असतं?"

भानुदासनं बोट ठेवलं.

"इथे सुमित्रा लिही. तिचं आधी. माझं नंतर बघू."

तो लिहायला लागला आणि अडला. "माहेरचं आडनाव काय तिचं?"

"माझंच की. गजभिये."

इतक्यात रुही येऊन कागदावर वाकली. "हू इज सुमित्रा?"

पद्मिनीबाईंनी आपला फोन काढला आणि भिंतीवरच्या त्या जुन्या फोटोचा फोटो शोधून तिच्यापुढे धरला. "ही," त्या म्हणाल्या. "ही तुझी आजी. सख्खी आजी."

रुहीनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "देन हू आर यू?"

भानुदासनं कागदावरून मान वर केली नाही.

"शी इज माय मॉम," तो म्हणाला, आणि त्यानं 'सावत्र'च्या चौकोनात खूण केली.