लिआंड्राची पहिली टोपली

कॅलिफोर्नियातल्या कुमेयाय या आदिवासी जमातीच्या बायकांची रीत अशी, की पहिली विणलेली टोपली स्वतःकडे ठेवायची नाही. कुणाला तरी द्यायची, आणि त्यानं ती मुकाट घ्यायची. लिआंड्रानं चार महिने खपून लव्हाळ्याची टोपली विणली होती. टेबलावर ठेवली की ती लवंडायची. ती घेऊन लिआंड्रा रिझर्व्हेशनच्या, म्हणजे जमातीच्या राखीव वस्तीच्या, सभागृहात शिरली, तशी एकेकाला घरची कामं आठवली. चुलतभाऊ तर न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर पळाला.

उरली फिलोमेना मावशी. दुखऱ्या गुडघ्यांमुळे तिला पटकन उठता येईना. टोपलीला सगळ्यात जास्त नावं तिनंच ठेवली होती.

"मावशी, ही तुला."

"एवढ्या जणांत मीच सापडले का गं? या वाकड्या टोपलीत ठेवू तरी काय?"

"टोपी म्हणून घाल. आपल्या पणज्या घालायच्याच की."

मावशीनं रागारागात टोपली डोक्यावर पालथी घातली. ती माप घेऊन विणल्यासारखी चपखल बसली. मावशीनं मान हलवून पाहिली, पण टोपली ढिम्म हलेना. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं.

मावशीनं तिकडे डोळे वटारले.

"टोपली सरळच आहे," ती म्हणाली. "ते टेबल वाकडं आहे."