परतीची तारीख

सुग्रीवच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. तो आमच्याच गावचा, ऊसतोडीला गेलेला. कारखान्यावरून त्यानं लिहिलं होतं, "गुरुजी, पुस्तक आठ दिवसांत परत द्यायचा नेम हाय. आमी तर सहा महिने इकडंच. तेवढ्या दिवसांसाठी चार पुस्तकं द्याल का?" मी वाचनालयाचा ग्रंथपाल. नेम मोडायची हिंमत नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती.

एका रविवारी वाचनालयाच्या वाचनकक्षातल्या टीव्हीसमोर सारं गाव दाटीनं बसलं होतं. ऐन मालिकेत वीज गेली. वाचनालयाचे अध्यक्ष माणिकराव माझ्याकडे वळले.

"गुरुजी, उद्या ही कपाटं गोदामात टाका. माणसं मावंनात इथं."

"पुस्तकांना वाळवी लागेल."

"लागू द्या की! वाचायलाय कोण? उंदरं?"

सगळे हसले. मी खिशातलं सुग्रीवचं पत्र काढून मोठ्यानं वाचलं.

"ऊसतोड्याला पुस्तकं?" माणिकराव म्हणाले. "पाचटासंगं पेटवून देईल!"

तेवढ्यात वीज आली. सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला त्या पाठींचा लय राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

टेबलाशी बसून मी लिहिलं, "सुग्रीव, उशीर झाला, माफ कर. चार नाही, पेटीभर पुस्तकं उद्याच्या एसटीनं पाठवतो. कुठल्याच पुस्तकावर परतीची तारीख टाकलेली नाही."

टीव्ही चालू असतानाच बाहेर पडलो आणि पत्र टपालपेटीत टाकलं.