दुसरी किल्ली

"दुसरी किल्ली कुठंय?" मार्लेनने विचारलं.

मार्लेन हे तिच्या जाकिटावर लिहिलेलं नाव. आल्टर गावाजवळ हायवेला लागून जे मोठं आवार आहे, तिथे कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या गाड्या परत जमा होतात आणि ही बाई त्या तपासून घेते. हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड. प्रत्येक ओरखड्यावर ते ठेवायचं. ओरखडा कार्डापेक्षा लहान निघाला तर वापराने झालेली झीज. मोठा निघाला तर नुकसान, आणि मग ज्याच्याकडे गाडी होती त्याच्या डोक्यावर बिल. माझ्या मागच्या दारावरचा ओरखडा कार्डाच्या बाहेर गेला होता. माझ्या मुलीच्या सायकलचं हँडल.

"किल्ली हरवली असेल तर तसं लिहिते. गाडी आत्ता ठेवून जा," ती म्हणाली. "असेल तर घेऊन या. पाचला मी गेट बंद करते."

"आहे. गेंटला. मुलीच्या दप्तरात."

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. दुपारचे बारा वाजले होते. आणखी पाच तास गाडी माझी. काय ही अवस्था! पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पाच तासांवर खूश.

"आणि हे बघा, डोक्यात दुसरं काही आणू नका," ती म्हणाली. "या गाडीचा विमा आज रात्री संपतो. उद्या पोलिसांनी धरलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

तिने ओळखलंच होतं. रोज माझ्यासारखे दहा जण बघत असणार.

ही गाडी गळ्यात कशी पडली ते सांगतो. आमच्या फ्लँडर्समध्ये, बेल्जियमच्या या भागात, निम्मी माणसं जी गाडी चालवतात ती त्यांची नसतेच. मी दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीचा माल विकायचो. तीन वर्षांपूर्वी पगारवाढ मागायला गेलो तर आमचा साहेब पास्काल म्हणाला, "बाव्हो, येडा आहेस का? पगार वाढवला तर निम्मा सरकार खाणार. त्यापेक्षा विजेची गाडी घे. आम्ही लीजवर घेतो, सगळा खर्च आमच्या करातून वजा होतो, तुला नावापुरता कर. घरी चार्जर बसवून देतो, विजेचं बिलसुद्धा आमचं. बोल."

मी हो म्हणालो. इथे गाडीला नाही म्हणणाऱ्याकडे लोक आजारी असल्यासारखं बघतात. मी माझी जुनी डिझेल गाडी विकली. त्याच वर्षी ग्रीटचा आणि माझा घटस्फोट झाला. गेंट शहरात एकट्याच्या पगारात दोन खोल्या मिळेनात. मग मी डोकं चालवलं. गाडी फुकट, वीज फुकट, मग लांब राहिलं म्हणून काय बिघडलं? पार पोलिंकहोव्हेला, जिकडे बघावं तिकडे शेतं आणि बीटाचे ढीग असलेल्या गावात, बाग असलेलं घर घेतलं. गेंटपासून तासाभराचा रस्ता. मीच स्वतःची पाठ थोपटली होती. आता वाटतं, कोणीतरी त्या पाठीत धपाटा घालायला हवा होता.

आमची मुलगी फीन आठ वर्षांची. एक आठवडा आईकडे, एक आठवडा माझ्याकडे. शुक्रवारी शाळा सुटली की अदलाबदल. शाळा गेंटमध्ये, फाटक साडेआठला बंद. ग्रीटच्या वकिलाने कोर्टाच्या कागदात एक अट घालून घेतली होती: माझ्या आठवड्यात पोरीला एका सत्रात तीनदा उशीर झाला, तर तिने कायम आईकडे राहायचं आणि मी फक्त महिन्यातून दोन रविवार भेटायचं. मी हसत सही केली. गाडी होती ना!

या सत्रात दोनदा उशीर झालाय. पहिल्यांदा बीट भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलो. दुसऱ्यांदा फीनचे बूट. नाडी बांधते, सोडते, परत बांधते, दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात. त्या दिवशी मी गाडीत तिच्यावर ओरडलो. "तुझ्या या बुटांपायी एक दिवस सगळं घालवशील!" असं म्हणालो. गेंटपर्यंत ती आपल्या बुटांकडेच बघत होती.

आणि बुधवारी पास्कालने मला आत बोलावलं, दार लावलं. "तुझं काम वाईट आहे असं नाही," म्हणाला. असं म्हणाले की समजायचं, नोकरी गेली. गाडी शुक्रवारपर्यंत जमा.

तेव्हापासून दोन दिवस मी नुसता हिशेब मांडतोय आणि प्रत्येक वाट पुढे जाऊन बंद. नवी गाडी घ्यायची तर बँकेला नोकरीचं पत्र हवं. गेंटमध्ये खोली घ्यायची तर घरमालकाला तेच पत्र हवं. स्वस्तातली जुनी घ्यावी, तर धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना गेंटच्या आत बंदी, आणि शाळा बरोब्बर आत. राहिली बस. आमचा थांबा गेल्या वर्षीच काढला. आता आदल्या दिवशी फोन करून बस बोलवायची, मग स्टेशन, मग ट्रेन, मग ट्राम. सगळं वेळेवर आलं तरी शाळेत पोचायला नऊ वाजून दहा मिनिटं. मी तीन वेळा मांडून बघितलं. नऊ दहाच.

साडेतीनला मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. ग्रीट पोहण्याची पिशवी द्यायला आली होती. तिची पांढरी गाडीही तिच्या ऑफिसने दिलेली, विजेचीच.

"चेहरा का असा? जेवलास का?" ती म्हणाली.

"जेवलो." जेवलो नव्हतो.

फीन धावत आली आणि नेहमीसारखी डोक्याने माझ्या पोटात घुसली. मी तिला जरा बाजूला घेतलं, गुडघ्यांवर बसलो.

"फीन, ती किल्ली दे ना. छोट्या कप्प्यातली."

ही दुसरी किल्ली मी तिला दोन वर्षांपूर्वी दिली होती. तेव्हा शुक्रवार आला की ती रडून रडून ओकायची. मी म्हणालो होतो, ही किल्ली तुझ्याकडे ठेव. माझ्या गाडीच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. म्हणजे मला तुझ्याकडे यावंच लागणार. तेव्हापासून रडणं बंद झालं. ग्रीटलाही हे माहीत होतं.

"का?" फीन म्हणाली.

"गाडी परत द्यायची आहे."

"आपली गाडी?"

"आपली नव्हती गं ती. कंपनीची होती."

"तू तर आपली म्हणायचास."

म्हणायचोच मी. धुताना, पुसताना, शेजाऱ्यांना दाखवताना. तीन वर्षं म्हणत आलो.

मागून ग्रीटचा आवाज आला. "कधी काढलं तुला?"

"बुधवारी."

"आणि मला सांगणार कधी होतास?"

"सांगणार होतो."

"हो, नेहमीसारखं." मग आवाज खाली आला. "सोमवारी हिला कशी आणशील?"

"बसने."

ग्रीट त्याच भागातली, तिचं माहेर आमच्या गावापासून दोन गावं पलीकडे. तिला बस काय चीज आहे ते मी सांगायला नको. ती मान हलवत राहिली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, जाऊ दे, कागद कोण बघतंय. ती म्हणाली, "बाव्हो, वर्गाची हजेरी आता थेट कॉम्प्युटरवर चढते. मी गप्प बसले तरी वकिलाला दिसणारच."

"मला माहितीय."

"मी मुद्दाम करत नाहीये रे."

"तेही माहितीय."

खरं म्हणजे तिच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. चिडायला कोणी नव्हतं. पास्कालने मला चांगलंच सुचवलं होतं, सरकारला हवा स्वच्छ हवी होती, वकिलाने त्याचं काम केलं होतं. सही माझी होती, सगळीकडे.

मग मला एकच गोष्ट सुचली. सोमवारी तिसरा उशीर झाला तर संपलंच, कायमचं. पण हा आठवडा मी आपणहून सोडला, तर उशीर होणार नाही. अट मोडणार नाही. माझे आठवडे कागदावर तरी राहतील.

"हा आठवडा तूच ठेव तिला," मी म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडून निघाले यावर माझाच विश्वास बसेना.

"आणि पुढचा?" ग्रीटने विचारलं.

मी पोहण्याची पिशवी तिला परत दिली.

फीन आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने दप्तर जमिनीवर ठेवलं, छोटा कप्पा उघडला. आतून दोन चेस्टनट, एक चघळलेली पेन्सिल आणि मग किल्ली काढली. माझ्या हातावर ठेवली, पण बोटं सोडली नाहीत.

"माझ्या बुटांमुळे ना?" ती म्हणाली.

"काय?"

"तू म्हणाला होतास. बुटांपायी सगळं जाईल." ती रडत नव्हती. अभ्यासाचं उत्तर सांगावं तसं सांगत होती. "मी आता रात्रीच बूट घालून झोपेन, पप्पा. म्हणजे सकाळी वेळ लागणार नाही. मग नाही ना जाणार?"

मी तिला सांगितलं, की बुटांमुळे नाही, तुझी काही चूक नाही, मी मूर्खासारखा बोललो होतो. दहा वेळा सांगितलं असेल. ती "बरं" म्हणाली. मोठी माणसं खोटं बोलतात हे कळलेलं मूल जसं "बरं" म्हणतं, तसं. ग्रीट पलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी गाडीत बसलो आणि आरशात न बघता निघालो.

पावणेपाचला आल्टरला पोचलो. मार्लेनने दोन्ही किल्ल्या एका पिशवीत टाकल्या, पिशवीवर नंबर लिहिला. मागच्या दारावर परत एकदा कार्ड ठेवून बघितलं, जणू तेवढ्यात ओरखडा आखडला असेल.

"कोणी केलाय?"

"मुलीने. सायकल लावताना."

मार्लेनने कार्ड तिरकं ठेवलं, ओरखडा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम बसवला, आणि कागदावर लिहिलं, झीज. मी आभार मानले. मागच्या सीटवरची फीनची खुर्ची सोडवून घेतली आणि ती कडेवर घेऊन हायवेच्या बाजूने स्टेशनकडे चालत गेलो. रिकामी खुर्चीसुद्धा बरीच जड असते.

शनिवार, रविवार कसे गेले ते विचारू नका.

सोमवारी सकाळी सहा पन्नासला फोन वाजला. गाडीचं ॲप. माझं कॅलेंडर अजून त्याला जोडलेलं होतं. "फीन, शाळा. सात वाजता निघा. रस्ता मोकळा आहे."

मी उठलो. कशासाठी ते सांगता येणार नाही. तोंड धुतलं, कोट चढवला, खाली आलो. दाराशी तिचे जुने पिवळे गमबूट होते, त्यांच्या शेजारी बसून माझे बूट घातले. नाडी बांधली. एक बाजू मोठी वाटली म्हणून सोडली, परत बांधली.

आठ वाजता ग्रीटचा मेसेज आला: "पोचली. वेळेत. काल रात्री बूट घालून झोपली होती, काढू देईना."

नऊच्या सुमारास ॲपवर दुसरी ओळ आली, या गाडीचा चालक म्हणून तुमचं नाव काढण्यात आलं आहे. मी तेव्हाही बूट घालून पायरीवरच बसलो होतो.