समुद्रकाठची वनस्पती

चिठ्ठी चौकटीच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात चिकटवली होती. ‘यंत्रावर केलेले काम. स्पर्धेबाहेर.’

दाग्नीने ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाच्या कामाची चिठ्ठी चुकून इथे लागली. मग लक्षात आलं की चौकटही जागेवर नाही. भरतकामाच्या स्पर्धेसाठी शुक्रवारी तिने स्वतःच्या हाताने ती सभागृहाच्या मधल्या भिंतीवर टांगली होती. आता ती संडासाकडे जाणाऱ्या बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी लटकत होती. कुणाच्या तरी ओल्या रेनकोटाची बाही काचेवर घासत होती.

दोन हिवाळे गेले होते त्या कापडात. बेटाच्या किनाऱ्यावर उगवणारी झाडंझुडपं, जाड पानांची समुद्रकोबी, निळसर काटेरी झुडूप, वाळूतले जंगली गुलाब, सगळं तिने लिननवर फुलीच्या टाक्यांनी भरलं होतं. दोन पदरी दोरा. फुलीचा टाका कुणीही घालतं, पण सुईतून येताना दोरे एकमेकांना पीळ घालतात आणि फुली एकीकडे जाड, एकीकडे बारीक पडते. दाग्नीच्या फुल्यांत दोन्ही पदर शेजारी शेजारी सपाट निजलेले असत, आत घेतलेली वल्ही होडीत ठेवतात तसे. त्याचं कारण होतं तिची सळई. लाकडी मुठीची, टोकाकडे निमुळती होत गेलेली लोखंडी सळई. दोरा ओढताना ती पदरांखाली धरायची, पदर तिच्यावर पसरून घ्यायचे, टाका बसत आला की हळूच काढून घ्यायची. प्रत्येक टाक्याला. दाग्नी तीस वर्षं होड्यांची शिडं शिवणाऱ्याच्या माळ्यावर कामाला होती. तिच्या हाताला अवजाराचं वावडं नव्हतं.

ती तडक हेनिंगकडे गेली. हेनिंग समितीचा अध्यक्ष, एरवी गावातला पोस्टमन. तो कॉफीच्या टेबलाशी दालचिनीचा पाव खात उभा होता.

“हेनिंग, ती चिठ्ठी कुणी लावली?”

“हे बघ दाग्नी, मला भरतकामातलं काही कळत नाही...”

“तुला कळत नाही हे ठाऊक आहे मला. लावली कुणी, ते विचारतेय.”

त्याने घास गिळला. “परीक्षक बाई सकाळच्या बोटीने आल्या आणि दुपारच्या बोटीने गेल्या. त्यांनी इथल्या जाणत्या माणसाला विचारलं. रिगमोर म्हणाली, हाताने इतकं सारखं होऊच शकत नाही.”

दुसरं कुणी असतं तर दाग्नी हसली असती. पण रिगमोर! बेटावरच्या निम्म्या बायकांना रिगमोरने टाका शिकवला होता, दाग्नीलासुद्धा, आईच्या मरणानंतरच्या त्या रिकाम्या हिवाळ्यात. नऊ वर्षं पहिल्या बक्षिसाची लाल फीत तिच्याच चौकटीवर लागत आली होती. दाग्नीने बाहेरगावाहून सळई आणली तेव्हा रिगमोर सगळ्यांसमोर म्हणाली होती, “अगं, फुली म्हणजे फुली. दोऱ्यांना असं निजवत बसायला ती काय तान्ही बाळं आहेत?” सगळ्या हसल्या होत्या. दाग्नीही हसली होती.

आज ती हसली नाही. बोळातून चौकट काढून तिने काखेत मारली आणि रिगमोर बसली होती त्या टेबलावर आणून आदळली. कपबशा खणाणल्या.

“माझ्या तोंडावर बोल,” दाग्नी म्हणाली. “मी खोटारडी आहे?”

“असं कुठे म्हणाले मी?” रिगमोर शांतपणे म्हणाली. “यंत्र वापरणं हा काही गुन्हा नाही. फक्त ते स्पर्धेत आणू नये.”

“माझ्या घरात शिलाईचं यंत्रच नाही! गेली दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून तू कॉफी प्यायलीस. कुठे लपवलं होतं मी ते, ओव्हनमध्ये?”

मागे कुणीतरी फिस्कन हसलं.

“तेव्हा तू नेहमी थोडंसंच भरलेलं दाखवायचीस,” रिगमोर म्हणाली. “पन्नास वर्षं टाके घालतेय मी, दाग्नी. माणसाचा हात कुठेतरी चुकतोच.”

“तुझा चुकतो!”

दाग्नीने टेबलावरची पाव कापायची सुरी उचलली, चौकट पालथी केली आणि मागे चिकटवलेला कागद टराटरा फाडला. पाठचं कापड उघडं पडलं. टोकं आत दडवलेली, एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे जाणारे छोटे छोटे दोरे, एका जागी चुकून आडवा गेलेला पदर.

“बघ. कुठलं यंत्र असं भरतं?”

हेनिंग मध्ये पडला. “दाग्नी, ठीक आहे, पण कुणी म्हणेल की दुसऱ्या कुणी...”

त्याने ते बोलायला नको होतं. दाग्नीने कापड चौकटीतून सोडवलं आणि पिशवीतून सुई-दोरा, सळई आणि कात्री काढली. काय चाललंय हे कळायच्या आत तिने काटेरी झुडपाच्या एका पानाचे दोरे कापले. कचकच. मग सुईच्या टोकाने एकेक उपसून काढले. रिगमोरचा हात आपसूक पुढे आला, “अगं, नको!” आणि हवेतच थांबला. पानाच्या जागी भोकाभोकांचं पांढरं लिनन उरलं.

“सगळ्यांनी जवळ या,” दाग्नी म्हणाली. “लांबून दिसणार नाही.”

ती बसली. पहिले तीन टाके तिला उसवावे लागले आणि त्या शरमेने ती अधिकच संतापली. मग सळई पदरांखाली गेली आणि हात आपल्या वळणावर आला. ओढ, पसर, बसव, सळई काढ. अर्धा तास कुणी हललं नाही. तोंडाने मात्र ती थांबली नव्हती. “हे बघ, हेनिंग, यंत्र. हे बघा, यंत्राला घाम आलाय.” पान भरून झालं तेव्हा जुनं कुठलं आणि नवं कुठलं, शेजारच्या बाईने बोट लावून विचारलं.

हेनिंग घाईघाईने लाल फीत घेऊन आला. रिगमोरच्या चौकटीवरची काढून आणली होती.

“ती नको मला,” दाग्नी म्हणाली. “लॉटरीचे नंबर सांगायला माइक आहे ना? त्यावरून सांगा की चिठ्ठी खोटी होती. आणि ज्याने म्हटलं त्याने सांगावं.”

रिगमोर उठली, कोट घेतला आणि निघून गेली. माइकवर हेनिंगच बोलला, ‘गैरसमज’ हा शब्द चार वेळा वापरून.

दाग्नीचा राग त्यानंतर उतरला नाही. मासे घेताना, सायकलला हवा भरताना, अंघोळ करताना ती रिगमोरशी मनातल्या मनात भांडायची. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तू जिंकलीस ना? सोड आता.” दाग्नीने फोन ठेवून दिला. जिंकणं वेगळं. ज्या बाईने हाताला धरून टाका शिकवला, तिनेच त्या हाताला खोटं म्हटलं होतं.

सप्टेंबरात, वारा सुटलेल्या एका दुपारी रिगमोर दारात उभी राहिली. हातात भरतकामाची गुंडाळी.

“आत घेणार नाहीस?”

“नाही.”

रिगमोरने मान हलवली. “ते काम टांगलं त्या दिवशी मी भिंग लावून बघत होते. पीळ पडलेला एकही दोरा सापडेना. मला वाटलं, हे माणसाला जमत नाही. कारण मला जमलं नाही.” तिने गुंडाळी थोडी उलगडली. “तुझ्यासारखीच सळई मागवली मी. तीन आठवडे करतेय. बघ काय घाण झालीय.”

दाग्नीने बघितलं. खरंच घाण झाली होती.

“हे माइकवर बोलायला हवं होतंस,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा पळालीस.”

“पळाले. चुकले मी, दाग्नी.”

दाग्नीला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आतलं काहीतरी सैल होईल. काही सैल झालं नाही. फक्त थोडा दमल्यासारखा श्वास आला. तिने पायरीवरची कुंडी पायाने बाजूला सारली.

“इथे बस. आत नाही, इथे पायरीवर. सळई फार वर धरतेस तू, म्हणून दोरा सुटतो. खाली धर.”

“अशी?”

“अजून खाली. आणि बोलू नकोस माझ्याशी.”

रिगमोर बसली आणि न बोलता टाका घालू लागली. दाग्नी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून, प्रत्येक चूक दाखवत उभी राहिली.