रंगूबाईनं नाव घेतलं

निकिता पुण्यात शिकली, शहाणी झाली आणि किन्हीराजात येऊन तिनं बापाच्या धान्याच्या कोठीला बोलतं कुलूप बसवलं. आई-बापाचे आवाज त्यात भरून ठेवले आणि खूण ठेवली बापाचं नाव, कुणी विसरू नये म्हणून! नाव घेतलं की लोखंडी दार उघडायचं, पुन्हा घेतलं की लागायचं. आईनं, रंगूबाईनं, उखाण्याशिवाय ते नाव जन्मात घेतलं नव्हतं, हे मात्र शहाणीच्या डोक्यात आलं नाही. नुसतं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे रंगूबाईला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी तिचा नवरा जगदेव उघड्या कोठीत तुरीच्या पोत्यांजवळ कीड मारायच्या, विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवायला गेला आणि वाऱ्यानं दार लागलं. शेतात घुसणारे रोही, म्हणजे नीलगाई, हाकलून हाकलून त्याचा आवाज पार बसलेला. आतून नुसती धडधड ऐकू येत होती.

रंगूबाई दाराकडं धावली. पुण्याला परतलेल्या निकिताचा फोन लागेना. शेजारची मेहरुन्निसा धावत आली आणि दारापुढं ओरडली, "जगदेव!"

"अनोळखी आवाज," कुलूप म्हणालं.

"भाभी, तुमीच घ्या ना नाव! जान जाऊन राह्यली त्यायची!"

रंगूबाईनं डोक्यावर पदर घेतला. "तुरीच्या शेंगेत दाने हायेत चार, सासरच्या अंगनात..."

"वेळ संपली," कुलूप म्हणालं.

"लगन लागून राह्यलं काय इथं? सरळ घ्या नाव!"

"सरळ कसं घेऊ वं? आयुष्य कमी होते ना त्यायचं!"

आतली धडधड मंदावली. घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य घटणार, न घ्यावं तर आत्ताच संपणार. असली पाळी वैऱ्याच्या बायकोवरही येऊ नये. रंगूबाईला कुलपाचा राग आला, लेकीचा आला, गोळ्या ठेवायला गेलेल्या त्या माणसाचा तर फारच आला.

"जगदेव!" ती अशी गरजली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दार उघडलं. जगदेव खोकत खोकत बाहेर आला आणि अंगणात बसला. मेहरुन्निसानं पाणी दिलं.

"माफ करा," रंगूबाई रडत म्हणाली, "तोंडातून निंघालं."

जगदेवनं मान हलवली. तिला जवळ ओढलं आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाला, "अजून एकडाव घे."

मेहरुन्निसा तोंड फिरवून उभी राहिली.

"जगदेव," रंगूबाई लाजत म्हणाली.

दार धाडकन लागलं. या खेपेला दोघंही बाहेर होती.