पुसलेली गिटार

मला तो गोंगाट कधीच आवडला नाही. आमचा हेमचंद्र उल्हासनगरात भरून घेतलेली डीप पर्पल या विलायती बँडची कॅसेट लावायचा आणि अख्ख्या बेलवलीला ऐकवायचा. एकदा टेपरेकॉर्डर पुसताना माईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि ऐन गिटारीचा तुकडा पुसला गेला. पोरगा चिडला नाही. गाणं तिथे आलं की तेवढी गिटार तो तोंडानेच वाजवायचा. माई पोळ्या लाटता लाटता हसायची.

नव्वद साली तो काविळीने गेला. माई रोज तीच कॅसेट लावायची आणि त्या तुकड्याशी लाटणं थांबवायची. शेवटी फीत तुटली. मग मीच उल्हासनगरला गेलो.

"साहेब, लेड झेपलिन भी ले जाओ, एक नंबर है," दुकानदार म्हणाला.

"नहीं, डीप पर्पल ही चाहिए," मी म्हटलं.

घरी येऊन कॅसेट लावली. तो तुकडा आला. गिटार अखंड वाजत राहिली. माईने उठून टेप बंद केला.

"परत करा ही," ती म्हणाली. "यात त्याला जागाच नाही."