कुंकवाखालचे चोवीस व्होल्ट

मित्रांनो, मी जुना आहे आणि ट्रान्सफॉर्मर आहे. या दोन्ही कारणांनी लोक माझ्यावर संशय घेतात. खांबावर बसतो तो मोठा ट्रान्सफॉर्मर मी नव्हे. आमचं बोलणं नाही. मी विटेएवढा. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, जिथे कापसातून सरकी वेगळी करतात, तिथल्या लोखंडी पॅनलमध्ये एकोणीस वर्षांपासून बसलो आहे.

माझा जन्म अकोल्याचा. रश्मीताई नावाच्या बाईंनी माझ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे मोजून गुंडाळले. मोजता मोजता त्यांना शिंक आली. माझा एक वेढा कमी आहे, असा मला तेव्हापासून संशय आहे. पण हे कुणाला सांगू नका.

माझं काम साधं आहे. बाहेरून दोनशे तीस व्होल्ट येतात. मी त्यांचे चोवीस करतो आणि बटणांकडे पाठवतो. माणसाने बटण दाबलं की त्या चोवीसच्या इशाऱ्यावर मोठा स्विच खाली बसतो आणि मोटर फिरते. म्हणजे मोटरजवळ राक्षस, पण माणसाच्या बोटाजवळ फक्त मुंगी. एकोणीस वर्षांत दोनशे तीस एकदाही सभ्यपणे आले नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पॅनलमध्ये एक पाल येते, तिच्यावरही नाही. ती रोज माझ्याकडे पाहते आणि काही न बोलता जाते.

आमच्या मशीनचं बटण इंदूबाई दाबतात. कापूस फार सुकला की त्यावर पाणी शिंपडतात, म्हणून त्यांचे हात कायम ओले. बटणाच्या लोखंडी डब्याचं झाकण मागेच तुटलं आहे. तरी त्यांना कधी काही झालं नाही. याबद्दल माझं कौतुक कुणी केलं नाही, पण ते असो.

यंदा दसऱ्याला मालक रामरावजींनी पूजा जोरात करायची ठरवली. दरवर्षी कुंकू पॅनलच्या दाराला लागतं. यंदा त्यांनी मेन स्विच बंद करून, दार उघडून आतल्या प्रत्येकाला ओलं कुंकू लावलं. मला तर फ्यूज धरणाऱ्या चिमट्यापर्यंत माखलं. मी थोडा सुखावलो, हे कबूल करतो. पाल मात्र दोन दिवस आली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हंगाम सुरू झाला आणि मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडू लागली. चिमट्यात वाळलेल्या कुंकवाची खपली बसली होती. जरा हादरा बसला की फ्यूज सुटायचा, माझे चोवीस तिथेच अडायचे.

वायरमन गजेंद्र आला. त्याने टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"मालक, हा म्हतारा गेला. मले पयल्यापासून डाऊट होता."

"मंग?"

"याले काढून फेकू. बटनाले डायरेक्ट दोनशे तीस देतो. मोठ्या स्विचची दोनशे तीसवाली कॉइल आनलीच आहे मी."

तो माझी वायर सोडू लागला. इंदूबाई ओले हात पदराला पुसत पुढे आल्या.

"गजेंद्र भाऊ, माया डब्ब्यात किती येईन मंग?"

"दोनशे तीस. घरी येते तेवढंच."

"घरी मी ओल्या हातानं बटन दाबत नाई."

"हात कोरडे ठेवा ना, मावशी."

"पानी का तुमी येऊन शिंपडसान?"

गजेंद्र पुन्हा माझी वायर सोडू लागला. इंदूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याचा फ्यूज काढून पाह्यला?"

"त्याले कुंकू लागलं आहे, पूजेचं."

"मंग पुसा."

गजेंद्रने हात मागे घेतला. रामरावजी हळूच म्हणाले, "हंगामाच्या तोंडावर कुंकू पुसनं बरं नाई दिसत, बाई."

मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत दोन मोठी माणसं चिमूटभर लाल पावडरीला भिऊन उभी होती, आणि दोनशे तीसला एकही भीत नव्हतं.

"मेन पाडा," इंदूबाई म्हणाल्या. "माया कपायाचं कुंकू पुसून बारा वर्सं झाली. मी जिती आहे. याले काय होते?"

गजेंद्रने मेन पाडला, वायरी तपासून घेतल्या. इंदूबाईंनी कोरड्या फडक्याने माझा फ्यूज पुसला, चिमटा खरवडला, सगळं लख्ख केलं. मग आपल्या कपाळावरही उगाच एकदा हात फिरवला.

मेन चालू झाला. गजेंद्रने कॉइल थैलीत घातली, पण मला वाटतं, तिच्यावर त्याचा अजून जीव आहे. मी लक्ष ठेवून आहे.

तेव्हा मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण दार लावून. आणि जुन्यावर संशय आला, तर आधी त्याला पुसून पाहा.

त्या दिवशी इंदूबाई परत कापसावर पाणी शिंपडून आल्या. त्यांनी ओल्या बोटानेच हिरवं बटण दाबलं. मी मोजून चोवीस दिले. त्या शिंकेमुळे थोडे कमी असतील, पण जास्त एकही नाही.